आल्बासेतेचा घडीचा चाकू, सहा महिने वापरून

भाचा स्पेनला नोकरीला, येताना हा चाकू घेऊन आला, म्हणाला मामा, आपल्या सोलापूरला चादर तसा आल्बासेतेला चाकू. मला तर गावाचं नावही धड उच्चारता येईना. मग त्यानंच सांगितलं, अरबी अल-बासित म्हणजे सपाट जागा त्यावरनं हे नाव, ला मांचाच्या पठारावर जवळपास ६८० मीटर उंचीवर, उन्हाळ्यात आपल्यासारखंच भाजतं पण थंडी मात्र कडाक्याची. १८३३ ला जिल्हा झाला, १८५५ ला रेल्वे आली आणि कारागीर कमरेला चाकूंचा पट्टा बांधून फलाटावर फिरून विकायचे, डोळ्यासमोर आपले शेंगाचटणीवाले आले बघा! सप्टेंबरात ७ ते १७ जत्रा, १७१० ला राजा पाचव्या फेलिपेनं मंजुरी दिलेली, म्हणजे आपल्या सोलापूरच्या गड्डा जत्रेसारखा त्यांचा गड्डाच की.

आता चाकूचं. उघडताना कडकडकड असा दात्यांचा आवाज येतो, पहिल्यांदा बायको दचकलीच. धार जबरदस्त, कांदा डोळ्यात पाणी यायच्या आत चिरून होतो. मूठ हातात बसते, पितळी टोकं देखणी. पण पातं स्टेनलेसचं नाही, एकदा लिंबू चिरून तसाच ठेवला तर सकाळी काळे डाग, घासून घासून अर्धेच गेले. धुवून पुसून तेलाचं बोट फिरवायचं, आळशी माणसानं घेऊच नये. आणि कडक भाकरीला तर अजिबात लावू नका, ती हातानंच मोडायची असते. पाचपैकी चार स्टार.