आखाजी ते दिवाळी : जळगावातल्या एका फुलवाल्याकडच्या फुलांचा अनुभव

२०२५ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी येणार म्हणून आमच्या कॉलनीजवळच्या एका फुलवाल्याकडे मी रोजची फुलपुडी लावली आणि तेव्हापासून दिवाळीपर्यंत सणावाराची फुले, तोरणे आणि नातेवाइकांकडे पाठवायच्या सजावटीच्या भेटवस्तू त्याच्याकडूनच घेतल्या. जळगावच्या उन्हात फूल टिकवणे हीच खरी कसोटी असते आणि तिला तो पहिल्याच महिन्यात उतरला. मोगऱ्याच्या मिटलेल्या कळ्या तो केळीच्या पानात बांधून, वरून ओले फडके गुंडाळून दुपारीच देत असे. माठाशेजारी ठेवलेली ती पुडी दिवेलागणीला सोडली की कळ्या नुकत्याच उमलू लागलेल्या असत.

पहिली कुरबूर श्रावणात झाली. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशात कानबाई देवी बसते, त्यासाठी दोन किलो झेंडू आणला, तर तो पावसात भिजलेला निघाला. वरून टवटवीत दिसणारे फूल हिरव्या वाटीपाशी दाबले की पाणी गळत होते आणि आतल्या पाकळ्या काळ्या पडून चिकटल्या होत्या. भिजलेल्या झेंडूत आपण पाण्याचेही पैसे मोजतो, हे मी तेव्हा स्पष्ट बोलून दाखवले. त्याने वाद न घालता निम्मी फुले बदलून दिली आणि पुढे गणपतीपासून झेंडू गोणपाटावर पसरून, निथळवूनच तोलू लागला. दसऱ्याचे तोरण तर अप्रतिम होते, कारण सुई पाकळ्यांतून न घालता देठाजवळच्या वाटीतून आडवी ओवल्यामुळे तिसऱ्या दिवशीही उंबऱ्यावर पाकळ्यांचा सडा पडला नाही.

तक्रार आहे ती दिवाळीच्या भेटीच्या बास्केटींबद्दल. धुळ्याला व्याह्यांकडे पाठवलेल्या बास्केटीत हिरव्या फोमवर जरबेरा खोचलेला होता. एसटीच्या प्रवासात फोम कोरडा पडला आणि बास्केट पोहोचेपर्यंत फुलांनी माना टाकल्या. हा फोम एकदा पूर्ण वाळला की पुन्हा नीट पाणी धरत नाही आणि मातीत कुजतही नाही, म्हणून त्याचा मोह मला तरी कळत नाही. घरी ठेवलेल्या दुसऱ्या बास्केटीतील कार्नेशनच्या पाकळ्या मात्र एका रात्रीत आत वळून मिटल्या, त्यात दोष माझाच होता. शेजारीच पिकत आलेली केळ्यांची फणी होती. पिकणाऱ्या केळ्यांतून इथिलीन वायू सुटतो आणि कार्नेशनला तो अजिबात सोसत नाही. जळगावात केळी नसलेले स्वयंपाकघर सापडणे कठीण; तेव्हा बास्केट देताना विक्रेत्याने एवढे सांगायला हवे होते, असे मला अजूनही वाटते.

त्याच दिवाळीत बहिणीकडे चाळीसगावला मी वेताच्या टोपलीत मातीच्या पणत्या, आंब्याच्या पानांचे तोरण आणि केळीच्या पानात बांधलेला सुटा झेंडू असे त्याच्याकडूनच भरून घेतले होते. ते बास्केटीच्या निम्म्या खर्चात झाले आणि बहिणीने ती फुले भाऊबिजेच्या ताटाभोवतीही मांडली.

फुलपुडी पुढेही चालू ठेवली असून मार्गशीर्षातल्या गुरुवारांसाठी शेवंतीच्या वेण्या आत्ताच सांगून ठेवल्या आहेत. थंडीत शेवंती भरात असते आणि स्वस्तही मिळते. बास्केट मात्र सांगितलेली नाही.