लिंकडिंग : मराठी दुव्यांची सूची चालवताना आलेला अनुभव

आमच्या वाचनालयाच्या संदर्भ विभागासाठी आम्ही काही जण मराठी दुव्यांची सूची चालवतो. त्यात कोश आहेत, जिल्हा गॅझेटियर आहेत, जुन्या मासिकांचे स्कॅन केलेले अंक, संतसाहित्याच्या संहिता, शासन निर्णय शोधायच्या जागा आणि मन लावून लिहिलेले काही व्यक्तिगत ब्लॉगही आहेत. आधी हे सगळं एका सामाईक स्प्रेडशीटमध्ये होतं. गेल्या पावसाळ्यापासून ते लिंकडिंगवर आणलं. स्थानिक इतिहासाची मंडळं, महाविद्यालयांचे मराठी विभाग, छोटी वाचनालयं यांच्यापैकी कुणी असं काम हाती घेणार असेल, तर त्यांना उपयोग व्हावा म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

लिंकडिंग म्हणजे स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं, मुक्त स्रोताचं, विनामूल्य बुकमार्क साधन. डॉकर (सर्व्हरवर तयार प्रोग्राम चालवण्याची पद्धत) माहीत असलेला एक माणूस गटात असला की एका संध्याकाळी उभं राहतं. अगदी लहान सर्व्हर पुरतो. इंटरफेस इंग्रजी आहे, पण बटणं इतकी मोजकी की आमच्या ज्येष्ठ ग्रंथपालबाईंनाही सरावायला वेळ लागला नाही. ब्राउझरच्या बटणावरून पान जोडलं की शीर्षक आणि वर्णन ते आपोआप आणतं. ते वर्णन मात्र आम्ही जवळजवळ नेहमीच पुसतो. बहुतेक साइटींचं वर्णन गूगलला दिसावं म्हणून लिहिलेलं असतं. वाचकाला त्यातून काही कळत नाही. शिकागो विद्यापीठाच्या संग्रहातल्या मोल्सवर्थ कोशापुढे आम्ही लिहिलं आहे : ‘१८५७ची दुसरी आवृत्ती; जुन्या दप्तरातले आणि बोलीतले शब्द आधी इथे पाहावेत; अर्थ इंग्रजीत.’ अशा नोंदीसाठीच लोक सूचीकडे येतात. नुसता पत्ता तर शोधयंत्रही देतं.

कौतुक करायच्या आधी मी हे साधन कशावर जोखतो ते सांगतो. ज्यांनी २००० सालच्या आगेमागे इंटरनेट वापरलं त्यांना डीमॉझ आठवत असेल. १९९८ साली सुरू झालेल्या त्या डिरेक्टरीत स्वयंसेवक संपादक प्रत्येक साइट उघडून बघत, योग्य वर्गात बसवत आणि दोन ओळींचं वर्णन लिहीत. मराठीचाही विभाग तिथे होता. मार्च २०१७ मध्ये ती बंद झाली तेव्हा तिच्या पानावर ३८ लाखांहून जास्त साइटी आणि दहा लाखांहून जास्त वर्ग असे आकडे होते. याहूची डिरेक्टरी त्याआधीच, २०१४च्या डिसेंबरात मिटली होती. तिथे व्यापारी साइटला वर्षाला २९९ डॉलर भरावे लागत. डीमॉझचा वारसा कर्ली या नावाने अजून चालू आहे आणि त्या संपादकांबद्दल मला मनापासून आदर आहे.

शोधयंत्रं आली आणि डिरेक्टऱ्या गेल्या, असं सगळेच सांगतात. मला ते अर्धंच कारण वाटतं. ३८ लाख नोंदी वर्षातून फक्त एकदा उघडून बघायच्या म्हटल्या, तरी रोज दहा हजारांवर पानं बघावी लागतील. नवी नोंद करायला उत्साह असतो. जुनीकडे परत कुणी वळत नाही. मग वाचक तीन दुवे दाबतो, तिन्ही मेलेले निघतात आणि तो पुन्हा फिरकत नाही. प्यू रिसर्च या अमेरिकी संशोधन संस्थेच्या २०२४च्या अभ्यासात २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून नोंद किती पटकन होते यापेक्षा फेरतपासणीला साधन किती हातभार लावतं, हे मी आधी बघतो.

या कसोटीवर लिंकडिंग एकट्याने पुरत नाही. दुवा जिवंत आहे की मेला, हे ते स्वतः तपासत नाही. त्याच धर्तीचं लिंकॲस तपासतं. तरीही आम्ही लिंकडिंगवरच राहिलो, कारण त्यातून सगळा माल बाहेर काढणं अतिशय सोपं आहे. सगळ्या नोंदींची एचटीएमएल फाइल एका बटणावर मिळते. ती लिची नावाच्या मुक्त तपासनिसाला दिली की थोड्या वेळात यादी हातात येते.

खरं काम त्या यादीनंतर सुरू होतं. ४०४ (पान सापडलं नाही) हा संकेत आला तर प्रश्न नाही, दुवा मेला. पण ४०३ (प्रवेश नाही) म्हणजे अनेकदा पान ठणठणीत असतं, फक्त यंत्राला दारातून परत पाठवलेलं असतं. त्याहून फसवी गोष्ट सरकारी साइटींची. आमचा स्वस्तातला सर्व्हर जर्मनीत आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच सरकारी साइटी भारताबाहेरून आलेली विनंती स्वीकारतच नाहीत. तपासनीस तिकडून सांगतो, मेला. इथे मोबाइलवर तेच पान लगेच उघडतं. त्यामुळे तपासणी आता वाचनालयातल्याच संगणकावरून होते. परदेशी सर्व्हर घेणाऱ्या प्रत्येकाने हे आधीपासून धरून चालावं, नाहीतर महत्त्वाच्या नोंदी हकनाक काढल्या जातील.

सगळ्यात वाईट दुवा तो, जो मेलेला असून जिवंत दिसतो. पान काढून टाकलेलं असतं, पण जुन्या पत्त्यावरून थेट मुखपृष्ठावर आणून सोडतात. यंत्राच्या लेखी सगळं ठीक. किंवा डोमेनचं, म्हणजे साइटच्या पत्त्याचं, नूतनीकरण होत नाही आणि दुसराच कुणी ते उचलतो. एका तालुक्याच्या इतिहासावर कुणीतरी वर्षानुवर्षं जमवलेलं पान आमच्या सूचीत होतं. त्या पत्त्यावर आता ऑनलाइन रमी आहे. जुन्या डोमेनची पत वापरण्यासाठी हे मुद्दाम केलं जातं. गूगलने मार्च २०२४च्या नियमांत मुदत संपलेल्या डोमेनच्या या गैरवापराला नावानिशी स्थान दिलं, यावरून व्याप्ती लक्षात यावी. त्या पानावरची माहिती दुसरीकडे कुठेच नव्हती, याचं फार वाईट वाटतं.

यावर आमच्यातल्या एका मुलीने छोटी स्क्रिप्ट लिहिली. लिंकडिंगच्या एपीआयमधून, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामसाठी ठेवलेल्या दारातून, नोंद घ्यायची, पानाचं आजचं शीर्षक आणायचं आणि टिपणात जपलेल्या मूळ शीर्षकाशी ताडून बघायचं. जुळलं नाही तर नोंदीवर ‘न वाचलेलं’ अशी खूण पडते. ही खूण मुळात नंतर वाचायच्या पानांसाठी आहे. आमच्याकडे तिचा अर्थ ‘माणसाने बघायचं बाकी’ असा झाला. ग्रंथपालबाई ती चाळणी लावतात आणि एकेक उघडतात. माझ्या मते या साधनाचा आम्हाला झालेला सगळ्यात मोठा फायदा हाच.

वर्गवारीत मात्र हात आखडतो. टॅगना पोटविभाग नाहीत, आणि दोन टॅगमध्ये मोकळी जागा सोडायची असल्याने ‘दिवाळी अंक’ असं लिहिलं की दोन टॅग होतात; ‘दिवाळी-अंक’ लिहावं लागतं. कोश आणि कोष, गॅझेटियर आणि गॅझेटीयर अशा जोड्या जमू नयेत म्हणून टॅगची अधिकृत यादी छापून संगणकाशेजारी लावली आहे. देवनागरीतला शोध चालतो, पण अक्षर जसं टाइप झालं तसंच शोधलं जातं. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टाइप होतो : एक स्वतंत्र अक्षर, जे युनिकोडमध्ये २००८ साली आलं, आणि दुसरा ‘अ’वर चंद्र देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते वेगळे. ‘ऱ्या’चंही तेच. आमच्या नोंदींत दोन्ही प्रकार मिसळलेले होते; निर्यात करून, एकसारखे करून परत आत घेतले तेव्हा शोध नीट लागू लागला. मराठीत सूची करणाऱ्यांनी हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं.

सार्वजनिक पान सुरू केल्यावर ईमेलही सुरू झाले. ‘तुमच्या पानावर एक तुटलेला दुवा आहे, त्याऐवजी आमचा द्या’ अशी पत्रं मदतीच्या सुरात येतात. आतला माल बहुधा कर्जाचा, सट्ट्याचा किंवा यंत्राने लिहिलेल्या निबंधांचा. शेवटचा प्रकार ओळखणं दिवसेंदिवस अवघड होतंय, कारण मराठी आता सफाईदार असते. आम्ही लेखक कोण आहे, माहिती कुठून घेतली आहे आणि जुने लेख काय आहेत हे बघतो. तिन्हींचं उत्तर मिळालं नाही तर नोंद होत नाही. पैसे घेऊन नोंद तर कधीच नाही.

प्रती जपण्याची सोय या साधनात दोन ठिकाणी आहे. नोंद करतानाच पान इंटरनेट आर्काइव्ह या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संस्थेकडे पाठवता येतं आणि आपल्या सर्व्हरवरही प्रत ठेवता येते. दुसऱ्या सोयीसाठी लिंकडिंगची मोठी आवृत्ती लागते; तिच्यासोबत क्रोमियम हा ब्राउझर येतो, त्यामुळे जागा आणि मेमरी दोन्ही वाढवावी लागते. तरी ती घ्याच. ऑक्टोबर २०२४ मध्ये इंटरनेट आर्काइव्हवर हल्ला झाला आणि तिथल्या प्रती दाखवणारं वेबॅक मशीन काही दिवस बंद होतं. गूगलची कॅश (पानांच्या साठवलेल्या प्रती) तर त्याच वर्षी कायमची गेली. आमच्याकडच्या प्रती आम्ही जाहीर करत नाही. दुसऱ्याचं लेखन त्याच्या परवानगीशिवाय मांडायचं नाही, असं ठरलं आहे. मूळ पान गेलं आणि वाचक विचारत आला, तर वाचनालयात बसून बघता येतं. युनिकोडपूर्व फॉन्टमधली जुनी पानं अशा प्रतीतही अगम्यच राहतात. ती फॉन्टसह पीडीएफ करून वेगळी ठेवावी लागतात.

शेकड्यांतल्या किंवा दोन-तीन हजारांपर्यंतच्या नोंदी असतील आणि आठवड्याला दोन तास देणारं कुणी असेल, तर लिंकडिंग जरूर घ्या. वर्गांच्या खोल उतरंडीचीच गरज असेल, तर दुसरं बघा. आमचं डोमेन आणि सर्व्हर कुणा एकाच्या नावावर नाहीत, वाचनालयाच्या नावावर आहेत, आणि नूतनीकरणाची तारीख कार्यकारिणीच्या वार्षिक कामांत लिहिलेली आहे. एचटीएमएल निर्यात दर महिन्याला होते. ती कुठल्याही ब्राउझरमध्ये बुकमार्क म्हणून उघडते. मात्र पानांच्या साठवलेल्या प्रती त्या निर्यातीत येत नाहीत, त्यांच्यासाठी संपूर्ण बॅकअप वेगळा घ्यावा लागतो. तो आम्ही दोन हार्डडिस्कवर घेतो. एक वाचनालयात असते, दुसरी अध्यक्षांच्या घरी.