जुन्या सिल्व्हराडोचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स: घरी उघडायचा की तयार आणून बसवायचा?

"अरे, दुसऱ्या गिअरपर्यंत पळतो, पुढे नुसतं इंजिन ओरडतं." अमेरिकेत जुना शेवरोले सिल्व्हराडो बाळगणाऱ्या मित्राचा फोन बहुधा असाच सुरू होतो. (इथे ट्रक म्हणजे पिकअप, दहाचाकी डोळ्यांसमोर आणू नका.) १९९९ ते २००७ च्या १५०० मॉडेलांत बहुतेक वेळा ४एल६०-ई हा चार गिअरचा ऑटोमॅटिक असतो. १९८२ साली आलेल्या ७००आर४ चाच हा इलेक्ट्रॉनिक वंशज. पुढचं सगळं या एकाच गिअरबॉक्सबद्दल आहे, कारण मी उघडलाय तोच.

तुमच्यापुढे चार वाटा आहेत. घरी स्वतः उघडून रिबिल्ड करणे (म्हणजे झिजलेले भाग बदलून पुन्हा जुळवणे), गॅरेजला देणे, कारखान्यात रिबिल्ड झालेला आणून बसवणे, किंवा जंकयार्डमधून जुना उचलणे. पण निवडण्याआधी शंभरेक डॉलरचं काम वाचवणारी एक गोष्ट करा. खालचं तेलाचं पॅन उतरवा. चुंबकावर राखाडी, मऊ लेप असेल तर घाबरू नका, तो असतोच. तेल काळं, जळका वास, तळाशी क्लचच्या अस्तराचा काळा भुगा किंवा चमचमणारे धातूचे कण असतील, तर गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. बिघाडाचा नमुनाही बोलतो. तिसरा-चौथा गेला तर ३-४ क्लच, म्हणजे हे दोन गिअर चालवणारा प्लेटांचा संच, जळालाय. दुसरा, चौथा आणि रिव्हर्स एकदम गेले, पण पहिला-तिसरा ठीक, तर आतला सन शेल, म्हणजे मधल्या 'सन' गिअरला धरून फिरवणारं पोलादी कवच, तुटलाय. हे दोन या गिअरबॉक्सचे जुनेच आजार.

पैशांचं गणित आधी संपवू. क्लच प्लेट, सील, गॅस्केट यांचं किट काही शे डॉलरला येतं. त्यावर टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाचा जोर तेलातून गिअरबॉक्सकडे पोचवणारा), आधीपेक्षा कडक केलेला सन शेल, साडेदहा-अकरा लिटर तेल आणि हत्यारं धरली की माझा आकडा हजाराच्या थोडा वर गेला. गॅरेजने मला अडीच हजारांच्या पुढचा भाव सांगितला होता. कारखान्याचा तयार गिअरबॉक्स त्याच घरात येतो, पण तो बसवायची मजुरी वेगळी, आणि जुना डबा, म्हणजे 'कोअर', परत करेपर्यंत त्याची अनामत अडकते. जंकयार्डचा सर्वांत स्वस्त. जंकयार्ड म्हणजे आपलं कुर्ल्याचं भंगारच, फक्त हिशेब कॉम्प्युटरवर.

म्हणजे घरीच करावं? थांबा. पैशांच्या या रांगेत खरा प्रश्न येतच नाही: क्लच जळाला, पण का जळाला?

३-४ क्लच स्वतःहून क्वचितच मरतो. बहुधा कुठेतरी दाब गळत असतो. पिस्टनची सील कडक झालेली, व्हॉल्व्ह बॉडीतला (तेलाचा दाब हवा तिकडे वळवणारा झडपांचा ठोकळा) अॅल्युमिनियमचा एखादा बोअर, म्हणजे झडपेचं भोक, व्हॉल्व्हच्या सततच्या हालचालीने घासून मोठा झालेला. ट्रकचा कॉम्प्युटर पी१८७० हा बिघाडाचा कोड दाखवत असेल, तर कन्व्हर्टर क्लचच्या व्हॉल्व्हचा बोअर हा पहिला संशयित. नुसत्या प्लेटा बदलल्या तर नव्या प्लेटाही त्याच वाटेने जातात. इथे घरच्या माणसाकडे गॅरेजकडे नसलेली एक चीज असते, ती म्हणजे वेळ. एकेक पिस्टन धुऊन, प्रकाशात धरून बघता येतो. पण घासलेला बोअर रीम करून (भोक कातून मापात आणून) दुरुस्त करायची हत्यारं महाग आणि एकदाच लागणारी. तेव्हा तिथे हट्ट सोडा, रिबिल्ट व्हॉल्व्ह बॉडी विकत घ्या. टॉर्क कन्व्हर्टरचंही तेच. तो वेल्ड केलेला असतो, घरी उघडत नाही, आणि आतला भुगा धुऊन पूर्ण निघत नाही. जुनाच परत बसवणं म्हणजे घाण पाणी गाळून प्यायचं.

तयार गिअरबॉक्समध्ये कारण शोधायची कटकट कारखान्याने केलेली असते, वॉरंटीही मिळते. पण तेल थंड करणारा कूलर तुमच्याच ट्रकचा राहतो. त्यात जुना भुगा अडकलाय, तो न धुता नवा गिअरबॉक्स जोडला तर पहिल्याच दिवशी त्याच्या पोटात जातो. जंकयार्डच्या मालात आत काय चाललंय हे दिसतच नाही. ट्रक वर्षभरात विकायचा असेल तर घ्या, मागे ट्रेलर ओढायचा असेल तर नको.

आता माझी फजिती. पहिल्यांदा सगळं जुळवलं, बसवलं, आणि तिसरा पडेना. एका पिस्टनची लिप सील (कडेला रबरी ओठ असलेली) बसवताना दुमडली होती. पेट्रोलियम जेली लावून, बारीक गोल तारेच्या हत्याराने ओठ आत ढकलायचा असतो, मी घाईत अंगठ्याने ढकलला. जोडल्यावर प्रत्येक क्लचला हवेचा हलका दाब देऊन 'धप्' आवाज येतो का हे तपासतात. तेही मी टाळलं, कारण शेजाऱ्याचा कॉम्प्रेसर परत द्यायचा होता. ७० किलोचं धूड पुन्हा खाली उतरवलं. पहिल्या वेळी आख्खा शनिवार-रविवार गेला होता, दुसऱ्या वेळी अर्धा दिवस, एवढाच काय तो नफा.

म्हणून माझा कल सांगतो. हा ट्रक तुमची एकुलती एक गाडी असेल, तर घरी उघडू नका. तयार गिअरबॉक्स घ्या. भाड्याच्या पार्किंगमध्ये किंवा एचओएच्या (घरमालकांच्या कडक नियमांच्या संघाच्या) वसाहतीत राहत असाल तरीही तेच, कारण ठोकळ्यांवर आठवडाभर उभा ट्रक तिथे तक्रारीचं पत्र आणतो. दुसरी गाडी आहे, घरच्या गॅरेजला दार आहे आणि सुटे भाग ओळीने मांडून फोटो काढायचा कंटाळा नाही, अशा माणसाने घरी जरूर करावं. मधलीही एक वाट आहे, तिची चर्चा फार कमी होते: गिअरबॉक्स स्वतः उतरवायचा, फक्त डबा रिबिल्डरकडे न्यायचा, आणि परत स्वतः बसवायचा. उतरवण्या-बसवण्याची मजुरी वाचते, आतली जोखीम त्याची. आज पुन्हा वेळ आली तर मी हेच करीन. अंगात खाज असेल तर भाग वेगळा.

घरी उघडायचं ठरलंच तर डायल गेज (बारीक फट मोजणारं घड्याळी माप) आणि क्लच स्प्रिंग दाबायचं हत्यार यांत काटकसर नको. ट्रान्समिशन जॅक भाड्याने मिळतो, साध्या जॅकवर हा डबा तोलायला जाऊ नका.

तयार आणा किंवा घरी करा, ट्रकखाली तुम्ही जाणार असाल तर कन्व्हर्टर मात्र तुमच्याच हाताने बसणार. तो फिरवत आत ढकलताना टप्प्याटप्प्याने तीनदा 'टक्' होतं. दोनावर थांबून बोल्ट आवळले तर गिअरबॉक्सचा पंप तिथेच फुटतो, आणि ते कळतं ट्रक सुरू केल्यावर.