रोबोसाठी बोर्ड घेताना: अस्सल आर्डुइनो ऊनो, सीएच३४० क्लोन की ईएसपी३२?

लाइन फॉलोअर (रेषेच्या मागे जाणारा रोबो) तिन्हींवर होतो. बोर्ड संगणकाला जोडला आणि पोर्टच (संगणकाचा बोर्डाशी बोलायचा मार्ग) दिसला नाही, की मग खरा फरक कळतो.

अस्सल ऊनो आर३ मध्ये यूएसबीचं काम एटीमेगा१६यू२ ही वेगळी चिप करते. विंडोज १० किंवा ११ ला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. क्लोनवर (दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त नकलेवर) त्या जागी बहुधा सीएच३४० असते. नेट असेल तर विंडोज तिचा ड्रायव्हर स्वतः उतरवून घेतं. पण खानापूर किंवा चिकोडीकडच्या शाळेत लॅबच्या पीसीला नेट नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण दिसतो आणि काम तिथंच अडतं. ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर घ्या आणि अ‍ॅडमिन पासवर्ड कुणाकडे आहे ते विचारून ठेवा. तो मिळणारच नसेल, तर अस्सल ऊनोचे जास्तीचे पैसे सार्थकी लागतात. घरी स्वतःचा लॅपटॉप असेल, तर क्लोनच घ्या आणि वाचलेल्या पैशांत दुसरा क्लोन जवळ ठेवा.

उबुंटू २२.०४ वर क्लोनची एक खास अडचण येते. 'बीआरएलटीटीवाय' हे पॅकेज सीएच३४०ला ब्रेल डिस्प्ले (अंधांसाठीचं वाचनयंत्र) समजून ताब्यात घेतं, त्यामुळे पोर्ट क्षणभर दिसतो आणि गायब होतो. ब्रेल डिस्प्ले वापरत नसाल तर ते काढून टाका. 'परमिशन डिनाइड' आलं, तर दोन्ही बोर्डांना उपाय एकच: युजरला 'डायलआउट' ग्रुपमध्ये घाला आणि लॉगआउट करून परत या.

पोर्ट मुळीच दिसत नसेल, तर सर्वात आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या दोन तारा नसतात. बोर्डाचा दिवा मात्र लागतो, म्हणून फसगत होते.

पोर्ट दिसतो पण अपलोड होत नाही, तेव्हा ऊनोवर आणि ऊनो क्लोनवर ही चाचणी करा. पिन ० आणि १ वरचं सगळं काढा (ब्लूटूथचं एचसी-०५ तिथं जोडलेलं असेल, तर दोष बहुतेक तोच). मग एका जंपरने (छोट्या तारेने) रिसेट पिन जीएनडीला (ग्राउंडला) जोडा, दुसऱ्याने ० आणि १ एकमेकांना. आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या सीरियल मॉनिटरमध्ये 'अ‍ॅरो' असं काहीही टाइप करून पाठवा. तेच परत आलं, तर केबल, ड्रायव्हर आणि यूएसबी चिप ठीक आहेत; चूक बोर्डाच्या निवडीत, बूटलोडरमध्ये (अपलोड स्वीकारणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) किंवा मुख्य चिपमध्ये शोधा. नॅनो (ऊनोचा छोटा भाऊ) क्लोन असेल तर मेनूमधला 'ओल्ड बूटलोडर' पर्याय आधी लावून पाहा. त्या बूटलोडरचा वेग ११५२०० नसून ५७६०० बॉड असतो.

मोटर फिरताच पोर्ट तुटत असेल, तर त्याचा ब्रँडशी संबंध नाही. यूएसबी २.० पोर्टचा हिशेब ५०० मिलिअँपिअरचा. मोटरला वेगळी बॅटरी द्या, जीएनडी सामाईक ठेवा आणि मोटरच्या दोन टोकांमध्ये १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावा.

ईएसपी३२ वायफायसाठीच घ्या. 'कनेक्टिंग' लिहून पुढं ठिपकेच येत राहिले, तर बूट बटण दाबून धरा आणि अपलोड सुरू झालं की सोडा. दर वेळी असंच होत असेल, तर ईएन (रिसेटची पिन) आणि जीएनडीमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, ऋण टोक जीएनडीकडे. याच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा सेन्सर थेट लावू नका.