एका डिस्कचे पैसे आणि समोर पाच गेम

कोल्हापुरात ओळखीतल्या कुणी पीएस५, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडून खेळायचा प्लेस्टेशन ५ कन्सोल, घेतला की मला पहिला प्रश्न ठरलेला येतो: "भावा, सगळ्यात भारी गेम कुठला?" उत्तर देता येतं, पण त्याचा उपयोग होत नाही. अलीकडे मी जे पाच गेम मनापासून खेळलो ते पाचही चांगले आहेत, आणि तरीही त्यातला तुमच्या घराला न जुळणारा घेतलात तर डिस्क महिन्याभरात कपाटात जाते. म्हणून मी उलट दोन गोष्टी विचारतो. खेळताना तुमच्या शेजारी कोण बसणार? आणि एका बैठकीत सलग किती वेळ मिळणार?

माझी नोकरी शिरोली एमआयडीसीत, पाळी बदलती, आणि हॉलमधला टीव्ही सगळ्यांचा. खेळायचं ते रात्री जेवणं उरकल्यावर किंवा सुट्टीच्या दुपारी. खाली जे लिहितोय ते अशाच माणसासाठी आहे. दिवसभर मोकळा वेळ असणाऱ्याचं गणित वेगळं.

एकट्याने खेळणार असाल तर

इथे खरी लढत दोन गेममध्ये आहे: 'घोस्ट ऑफ योतेई' आणि 'क्लेअर ऑब्स्क्युर: एक्स्पिडिशन ३३'. दोन्ही २०२५ चे. पहिला ऑक्टोबरमध्ये आला, दुसरा एप्रिलमध्ये.

'योतेई' सकर पंच या अमेरिकन स्टुडिओचा, पण गोष्ट जपानची. साल १६०३, प्रदेश एझो, म्हणजे आजचं होक्काइडो. अत्सू ही नायिका. सोळा वर्षांपूर्वी सहा जणांच्या टोळीने तिच्या घरच्यांना मारलं आणि तिला जळत्या झाडाला खिळवून मरायला सोडलं. ती वाचली, परत आली, आणि त्या सहा जणांची यादी घेऊन निघाली. एवढ्यावर पुढची गोष्ट ओळखता येते, आणि ती बरीचशी ओळखल्यासारखीच जाते. मधल्या भागात कथा रेंगाळते, हे मी स्पष्टच सांगेन.

पण हा गेम कथेसाठी घ्यायचा नाही, फिरण्यासाठी घ्यायचा. कुठे जायचं हे दाखवायला पडद्यावर बाण नाही. कंट्रोलरच्या टचपॅडवर बोट वर सरकवलं की वारा सुटतो आणि गवत ज्या दिशेला झुकेल तिकडे घोडा वळवायचा. अत्सूकडे शामिसेन हे तीन तारांचं वाद्य आहे. एखादी धून शिकून ती वाजवली की तोच वारा तुम्हाला गरम पाण्याच्या झऱ्याकडे किंवा एखाद्या देवस्थानाकडे नेतो. नाण्यांना टिचकी मारायचा एक जुगार आहे, झेनी हाजिकी नावाचा. लहानपणी गोट्या खेळलेल्या माणसाचा हात त्यात लगेच बसतो. मी मुख्य कामगिरी सोडून त्यातच रमायचो.

लढाई तलवारीची, पण एकाच तलवारीची नाही. कटाना, दोन्ही हातांत दोन कटाना, ओदाची ही लांबलचक तलवार, भाला, आणि साखळीला बांधलेला विळा. समोरच्याच्या हातात काय आहे ते बघून आपलं हत्यार बदलायचं. सुरुवातीला गोंधळ होतो, मग बोटांना सवय लागते. अवघडपणा कमी-जास्त करता येतो, त्यामुळे नवख्याने घाबरायचं कारण नाही. रक्तपात मात्र भरपूर आहे. लहान पोरं हॉलमध्ये असताना हा लावू नये.

'एक्स्पिडिशन ३३' अगदी वेगळ्या जातीचा आहे. फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातल्या सँडफॉल या स्टुडिओचा हा पहिलाच गेम, आणि त्याने २०२५ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये वर्षातल्या सर्वोत्तम गेमचा मान मिळवला. कल्पना अशी: ल्युमिएर नावाचं शहर, समुद्रापार एक प्रचंड शिळा, आणि तिच्यापाशी बसलेली चित्रकर्ती. दर वर्षी ती उठते, शिळेवरचा आकडा पुसते आणि एकाने कमी आकडा रंगवते. त्या वयाची माणसं फुलांच्या पाकळ्यांसारखी विरून जातात. गोष्ट सुरू होते तेव्हा आकडा ३३ वर येतो. ज्यांचं एकच वर्ष उरलं आहे असे लोक मग तिला थांबवायला मोहिमेवर निघतात. आधीच्या मोहिमांतलं कुणी परतलेलं नाही, हे माहीत असूनही निघतात.

यातला पहिला अर्धा तास मी खेळलेल्या कुठल्याही गेमच्या सुरुवातीपेक्षा मनाला जास्त लागला. बंदरावर लोक एकमेकांना निरोप देत असतात, गळ्यात फुलांच्या माळा, आणि कुणाचं वय किती हे सगळ्यांना माहीत असतं. पुढची गोष्ट सांगत नाही. फक्त एवढंच म्हणतो की गेम संपल्यावर शेवटाबद्दल बोलायला कुणीतरी लागतं, आणि माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी संपवला त्यांच्यात अजून वाद चालू आहे.

लढाई पाळीपाळीने होते: आधी आपण, मग शत्रू. एवढं ऐकून पुष्कळ जण मागे सरतात, "असलं संथ आपल्याला जमत नाही" म्हणतात. त्यांनी थोडं थांबावं. शत्रूची पाळी आली की इथे हात बांधून बसायचं नसतं. त्याचा वार चुकवायचा किंवा बरोबर क्षणी बटण दाबून अडवायचा. त्याचे ओळीने येणारे सगळे वार अडवले तर आपल्याकडून जबरदस्त उलटा वार बसतो. खासबागेत कुस्ती बघितलेल्याला हे पटकन कळेल: समोरचा पट काढायला वाकण्याआधी त्याचा खांदा हलतो, आणि जाणता पहिलवान नजर तिथेच ठेवतो. या गेममध्ये प्रत्येक शत्रूचा असा 'खांदा' वेगळा आहे. काही जण मुद्दाम हात उगारून थांबतात, आपण घाई केली की फसतो. चुकवायला वेळ जरा जास्त मिळतो, अडवायला कमी. म्हणून नव्या शत्रूशी आधी चुकवून त्याची लय ओळखावी, मग अडवायला जावं. हे जमत नसेल तर 'स्टोरी' हा सोपा पर्याय निवडा, त्यात वेळेची सवलत वाढते. त्यात कमीपणा काही नाही, गोष्ट पूर्ण तीच मिळते.

त्यातली पिक्टोची पद्धत मला फार आवडली. पिक्टो म्हणजे पात्राला खास गुण देणारी वस्तू. ती अंगावर घालून चार लढाया जिंकल्या की तिचा गुण कायमचा शिकता येतो आणि मग तो टोळीतल्या कुणालाही लावता येतो. कुणाला काय लावायचं याचे हिशेब मी कामावर डबा खाताना मनात करत असे.

खोटही सांगतो. आतल्या जागांना छोटा नकाशा नाही. एकसारख्या दिसणाऱ्या दगडांत आणि पुलांवर वाट चुकते, आणि दमून आलेल्या माणसाला ते नको होतं. दुसरं, आठवडाभर खंड पडला तर कुठल्या पात्राचं कौशल्य कसं चालतं ते विसरायला होतं, कारण प्रत्येकाची लढायची रीत निराळी आहे. तिसरं, संवाद भरपूर आणि मराठी सबटायटल्स नाहीत. इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल तर यातलं अर्धं सोनं हातातून निसटेल.

मग दोघांत कुठला? रोज तास-पाऊण तासच मिळत असेल आणि डोकं हलकं करायचं असेल तर 'योतेई'. एक झरा, एक इनामाचा गुन्हेगार, की सेव्ह करून उठता येतं. पण सलग काही रात्री देता येणार असतील तर मी एका क्षणात 'एक्स्पिडिशन ३३' म्हणेन. 'योतेई'मधले डोंगर मला आठवतात. 'एक्स्पिडिशन'मधली माणसं आठवतात. माझ्यासाठी त्यातच निकाल आहे.

दोघं किंवा चौघं असाल तर

'स्प्लिट फिक्शन' मार्च २०२५ मध्ये आला. स्टॉकहोमच्या हेझलाइटचा, दिग्दर्शक जोसेफ फारेस. तो एकट्याने खेळताच येत नाही, दोन माणसं लागतातच. मिओ आणि झोई या दोन होतकरू लेखिका. एक विज्ञानकथा लिहिणारी, दुसरी परीकथांच्या वाटेने जाणारी. एका प्रकाशन कंपनीच्या यंत्रात दोघी अडकतात आणि एकमेकींच्या कल्पनांमधून धावत सुटतात. कधी निऑन दिव्यांच्या शहरात, कधी ड्रॅगनच्या पाठीवर. दर थोड्या वेळाने खेळायची रीतच बदलते. एका आडवाटेच्या गोष्टीत दोघी डुकरं होऊन उड्या मारत फिरतात, आणि त्या गोष्टीचा शेवट बघून माझी ताई इतकी हसली की आई आतून बघायला आली.

याची खरी किंमत बोलण्यात आहे. "तू दार धर, मी उडी मारते", "अरे थांब, अजून नाही" असं सतत चालू राहतं. वर्षानुवर्षं एका घरात राहून फक्त जेवणाचं विचारणारी भावंडं तासभर एकमेकांशी बोलत राहतात. कथा साधी आहे, खलनायक तर फारच सरळसोट. पण हातात जे चाललेलं असतं ते इतकं ताजं, की त्याकडे लक्ष जात नाही. दुसरा माणूस गावात नसेल तरी चालतं. फ्रेंड्स पासमुळे एकानेच विकत घ्यायचा, मित्राला वेगळा घ्यावा लागत नाही. घरात बसून खेळणार असाल तर मात्र दुसऱ्या कंट्रोलरचा खर्च आधीच धरा.

आता 'ईए स्पोर्ट्स एफसी २६'. शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील आणि शिवाजी मंडळाचा सामना बघून वाढलेल्या गावाला फुटबॉलचा गेम घ्या म्हणून सांगायला नको. चार मित्र, एक टीव्ही, हरला त्याने उठायचं, याच्या तोडीची मजा दुसऱ्या कशात नाही. करिअर मोडमध्ये स्वतःचा क्लब काढता येतो. आपल्या पेठेचं नाव आणि आपल्या तालमीच्या रंगाचा किट देऊन तो युरोपातल्या लीगमध्ये उतरवताना ऊर भरून येतो. पाच-पाच जणांचा रश हा प्रकार एफसी २५ पासून आहे, तो छोट्या मैदानावरच्या खेळासारखा वेगवान आणि दाटीवाटीचा.

तरी नवी कोरी आवृत्ती पूर्ण किमतीला घेऊ नका. घरात मित्रांबरोबरच खेळायचं असेल तर मागच्या वर्षीची सेकंडहँड डिस्क पुरते, फरक खेळाडूंच्या बदल्यांचा आणि थोड्या चालीचा. आणि अल्टिमेट टीमपासून पोरांना लांब ठेवा. त्यात खेळाडूंची पाकिटं खऱ्या पैशांनी विकत घेता येतात आणि आत कोण निघेल हे नशिबावर असतं. मोठ्या माणसालाही त्याची चटक लागते. पीएस५ मध्ये मुलांच्या खात्याला महिन्याच्या खर्चाची मर्यादा घालता येते, ती पहिल्याच दिवशी घाला.

घरात लहान पोरं असतील तर

'ॲस्ट्रो बॉट', दुसरा विचार नको. सोनीच्याच टीम असोबीने सप्टेंबर २०२४ मध्ये आणला आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम गेमचा मान याला मिळाला. छोटा पांढरा रोबो, हरवलेले तीनशेच्या वर सोबती शोधायचे, लेव्हल्स लहान. वाचायला जवळजवळ काही नाही, त्यामुळे पहिली-दुसरीतलं पोरही भाषेवाचून अडत नाही. वाळूवरून, काचेवरून, पाण्यातून चालताना कंट्रोलर हातात वेगवेगळा थरथरतो. एका लेव्हलमध्ये रोबो उंदराएवढा होतो आणि मघाशी पायाखाली असलेलं सगळं डोंगराएवढं होतं. एकाच धक्क्यात रोबो मरतो, पण तिथल्या तिथे परत उभा राहतो, म्हणून रडारड होत नाही. पुढे त्यांनी फुकट नव्या लेव्हल्सही दिल्या. दोघांनी एकाच वेळी खेळायची सोय नाही, कंट्रोलर आळीपाळीने द्यावा लागतो.

आणि हे विकत घेण्याआधी कन्सोलमध्ये आधीच असलेला 'ॲस्ट्रोज प्लेरूम' उघडा. तो फुकट आहे. पोरं त्यात रमली तर पुढचा घ्या.

पैसे देण्याआधी

'योतेई' आणि 'ॲस्ट्रो बॉट' फक्त पीएस५ वर आहेत. एक्सबॉक्स सिरीज या मायक्रोसॉफ्टच्या कन्सोलवाल्यांना बाकीचे तीन मिळतात, आणि 'एक्स्पिडिशन ३३' तर पहिल्या दिवसापासून गेम पास या त्यांच्या वर्गणीच्या सेवेत होता.

कथेचे गेम शक्यतो डिस्कवर घ्या. एकदा संपवला की विकता येतो किंवा मित्राच्या डिस्कशी अदलाबदल करता येते. डिजिटल घेतलेला कायम तुमच्याच खात्यात अडकतो. तुमच्या कन्सोलला डिस्कची खाच आहे ना, हे आधी बघा. राजारामपुरीत डिस्क हातात घेऊन परत आलेला माणूस मी पाहिला आहे.

पावसाळ्यात आपल्याकडे लाइट जायची वेळ सांगता येत नाही. कन्सोल रेस्ट मोडमध्ये, म्हणजे पूर्ण बंद न होता झोपलेला, असताना लाइट गेली तरी तो अचानक बंद झाल्यासारखाच धरतो, म्हणून रात्री खेळून झालं की पूर्ण बंद करा.

शेवटी ज्या जोडप्यांना मी सगळ्यात जास्त वेळा उत्तर दिलंय त्यांच्यासाठी: एकाला खेळता येतं, दुसऱ्याने कंट्रोलर कधी धरलेला नाही. अशांनी 'स्प्लिट फिक्शन'ने सुरुवात करू नये, त्याचे पुढचे टप्पे घाम काढतात. त्याच हेझलाइटचा २०२१ चा 'इट टेक्स टू' घ्या. तोही दोघांचाच, जुना असल्याने सवलतीत मिळतो, आणि कॅमेरा कसा फिरवायचा, उडी कधी मारायची हे तो घाई न करता शिकवतो. त्यातही आधी नवख्याला पात्र निवडू द्या, उरलेलं तुम्ही घ्या.