घरच्या सरावासाठी कमी आवाजाचे सिंबल: पैसे कशावर घालायचे

ड्रमसेटमध्ये शेजाऱ्यांना सगळ्यात जास्त टोचतो तो सिंबलचा, म्हणजे धातूच्या थाळ्यांचा आवाज. तो तीव्र असतो आणि मारल्यावरही कितीतरी वेळ रेंगाळतो. तो कमी करायचे स्वस्त मार्ग तीन: असलेल्या सिंबलवर रबरी किंवा फोमचं म्यूट बसवणं, प्लॅस्टिकचे सराव-सिंबल घेणं, किंवा बारीक छिद्रांचे धातूचे लो-व्हॉल्यूम सिंबल घेणं. हाताला खऱ्या सिंबलची सवय राहावी असं वाटत असेल तर तिसरा मार्ग सरस आहे. पण त्यातही स्वस्त आणि महाग यांतला फरक सगळीकडे सारखा नसतो. क्रॅशमध्ये (जोरकस ठोक्यासाठीचा सिंबल) तो थोडा असतो, हाय-हॅटमध्ये (पायाने उघडमीट होणारी दोन थाळ्यांची जोडी) फार मोठा. खरेदीचा निर्णय त्यावरच करावा.

‘८० टक्के कमी’ म्हणजे किती?

‘आवाज ८० टक्के कमी’ हा खोक्यावरचा आकडा पाहून दोन संचांची तुलना करू नका. ध्वनीचा दाब एक पंचमांशावर आला तर घट सुमारे १४ डेसिबल होते. ध्वनीची शक्ती एक पंचमांशावर आली तर ती जेमतेम ७ डेसिबल असते. आणि कानाला जाणवणारा आवाज एक पंचमांशावर यायचा असेल, तर १० डेसिबलला निम्मा या ढोबळ नियमाने ती २३ डेसिबलच्या आसपास जाते. तिन्हींना ‘८० टक्के’ म्हणता येतं. त्यामुळे टक्के बाजूला ठेवा आणि एकाच काठीने, एकाच जोराने वाजवलेले दोन्ही संच ऐका. व्हिडिओवरून ठरवत असाल तर वाजवणाऱ्याचं बोलणं आणि सिंबल एकाच माइकवर आहेत ना, एवढं पाहा. बोलणं सिंबलमध्ये बुडत नसेल तर संच खरोखर हळू आहे.

छिद्रांनी नेमकं काय होतं

सिंबलचा पत्रा थरथरतो तेव्हा त्याच्या एका बाजूला हवा दाबली जाते आणि दुसऱ्या बाजूला विरळ होते. छिद्रांतून हवा इकडून तिकडे गेली की हा फरक बराचसा तिथल्या तिथेच मिटतो. याचा फटका खालच्या आणि मधल्या स्वरांना जास्त बसतो. म्हणून लो-व्हॉल्यूम सिंबल ‘लहान आवाजातला नेहमीचा सिंबल’ वाटत नाही. भरीव अंग जातं आणि वरची बारीक सळसळ उरते. त्यातच पत्रा पातळ आणि हलका असल्याने आवाज लवकर विरतो. हा दोष नाही, याच्यासाठीच तर आपण पैसे देतो. पण क्रॅशचा फुललेला आवाज हवा असेल तर तो कुठल्याच छिद्रांच्या सिंबलमध्ये मिळणार नाही, कितीही खर्च केला तरी.

नावाजलेले आणि स्वस्त

झिल्डजियनचा एल-८०, सेबियनचा क्वाएट टोन आणि इव्हान्सचा डीबी वन हे या वर्गातले ओळखीचे संच. स्वस्तात स्टॅग, मिलेनियम, आर्बोरिया आणि बिनओळखीच्या नावांचे बरेच संच मिळतात. दिसायला सगळे एकसारखेच, जाळीदार थाळी. वाजवल्यावर मात्र तफावत कळते.

पहिली गोष्ट धातूची. स्वस्त संच बहुधा पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे असतात. स्टीलचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा कोरडा, टोकदार येण्याकडे झुकतो आणि तो छोट्या खोलीत तासभर ऐकणं त्रासाचं होतं. पितळ जास्त बोथट, गोड, पण थोडं मुकं. कांस्यासारखी मिश्रधातू वापरलेली असेल तर आवाजात जास्त पदर ऐकू येतात. वर्णनात नुसतं ‘अलॉय’ लिहिलं असेल आणि कुठला ते सांगितलं नसेल, तर पितळ किंवा स्टील समजूनच किंमत तोला. दोन स्वस्त संचांत निवड करायची वेळ आली तर आमचा कौल पितळेला.

दुसरी गोष्ट हाय-हॅट, आणि इथे थोडं थांबायला हवं. सरावाच्या तासात सगळ्यात जास्त फटके हिच्यावर पडतात. पायाने मिटल्यावर येणारा ‘चिक्’ हा दोन थाळ्यांमध्ये दाबल्या गेलेल्या हवेतून आणि कडा एकमेकींवर आदळण्यातून येतो. छिद्रांतून हवा निसटते, म्हणून हा आवाज कुठल्याही लो-व्हॉल्यूम जोडीत कमजोरच असतो. चांगल्या जोडीत कडा सगळीकडून नीट टेकतात, त्यामुळे निदान तो कोरडा, स्पष्ट येतो. स्वस्त जोडीत एखादी थाळी किंचित वाकडी असली की एका बाजूला फट राहते, ‘चिक्’ऐवजी ‘छर्र’ ऐकू येतं आणि अर्धी उघडी हाय-हॅट खडखडते. डाव्या पायाचा ताल पक्का करायला बसलेल्या माणसाला असा आवाज फसवतो: चूक पायाची की थाळीची, हेच कळत नाही.

म्हणून हात आखडता असेल तर सगळा संच मध्यम दर्जाचा घेण्यापेक्षा १४ इंची हाय-हॅट चांगली घ्या आणि क्रॅश साधा चालवून घ्या. सुट्या मिळत नसतील तर कमी नगांचा पण बरा संच निवडा. उदाहरणार्थ, १४ इंची हाय-हॅट आणि १८ इंची क्रॅश-राइड (क्रॅश आणि राइड, म्हणजे सलग ताल धरायचा सिंबल, या दोन्हींचं काम करणारा) एवढ्यावर बहुतेक सगळा अभ्यास होतो. पाच-सहा नगांच्या स्वस्त खोक्यातले छोटे स्प्लॅश आणि चायना हे जादा सिंबल कोपऱ्यातच पडून राहतात. राइडवर जॅझचा सराव करणाऱ्याने मात्र २० इंची वेगळी राइड घ्यावी. पातळ क्रॅश-राइडवर सलग वाजवलं की सळसळ साचत जाते आणि काठीचा एकेक टिपका त्यात पुसट होतो. राइडच्या घुमटावर, म्हणजे मधल्या फुगीर भागावर, छिद्रं आहेत का तेही पाहा. घुमट भरीव असेल तर टण्ण आवाज मोकळा येतो, पण त्या प्रमाणात मोठाही असतो.

म्यूट आणि प्लॅस्टिक कधी चालतील

घरात नेहमीचे सिंबल आहेतच आणि आठवड्यातून एखाद-दोन तासच शांत सराव हवा असेल, तर म्यूट पुरेत. दोन मिनिटांत चढतात, उतरतात. नुकसान एवढंच की काठी रबरावर पडली तर उसळी बदलते, सिंबल झुलायचा थांबतो आणि हाय-हॅटवर बसवल्यास उघड-मिटीचा फरक जवळजवळ नाहीसा होतो. फोमचे गोल राइडवर ठीक, हाय-हॅटवर निरुपयोगी. प्लॅस्टिकचे सिंबल सगळ्यात स्वस्त आणि बरेच हळू, पण त्यांचा ‘टक’ कुठेही मारला तरी सारखाच. जागा आणि हालचाल शिकायला बरे, स्पर्श घडवायला नाहीत. लहान मुलाची सुरुवात असेल तर आम्ही त्यांना नावं ठेवणार नाही.

हातात आल्यावर काय तपासायचं

सिंबल सपाट टेबलावर पालथा ठेवा आणि कड सगळीकडे टेकते का पाहा. डुगडुगला तर तो वाकलेला आहे. मग जाड कापड बोटाला गुंडाळून कडेवरून आणि छिद्रांवरून फिरवा. कापड अडकत असेल तर पत्रा कापताना धारदार कोर राहिली आहे. हाताने क्रॅश धरून थांबवताना तीच कोर बोटं कापते, शिवाय तडा जाण्याची सुरुवात अशाच ठिकाणाहून होते. दोन छिद्रांमधल्या अरुंद पट्टीवर ताण एकवटतो, त्यामुळे कडेजवळची छिद्रं अगदी कडेला भिडलेली असतील तर तो नग घेऊ नका. कड आणि पहिली छिद्ररांग यांत अखंड धातूची पट्टी दिसायला हवी.

लावणं आणि वाजवणं

स्टँडच्या दांड्यावर प्लॅस्टिकची नळी असायलाच हवी. नसेल तर दांड्याचे आटे मधलं भोक खात जातात आणि ते लांबुळकं होतं. पातळ पत्र्यात हे लवकर घडतं. वर-खाली फेल्ट लावा आणि वरचा नट इतकाच आवळा की सिंबल मोकळा झुलेल. सिंबल हलका असल्याने फटक्यानंतर जास्त गिरकी घेतो. म्हणून नट करकचून आवळायचा मोह होतो, तो टाळा. त्याऐवजी आणखी एक फेल्ट घाला. कोन आपल्याकडे किंचित झुकता ठेवा. उभ्या कोनात कडेवर सरळ घाव बसतो. हाय-हॅटच्या दोन थाळ्यांत दीड सेंटिमीटरच्या आसपास अंतर ठेवून सुरुवात करा आणि खालच्या थाळीचा कल बदलणारा स्क्रू थोडा फिरवून ‘चिक्’ साफ येतो का ते ऐका.

काठी ७ए, म्हणजे साधारण १३.७ मिलिमीटर जाडीची, किंवा फार तर ५ए, सुमारे १४.४ मिलिमीटरची. २बी सारखी १६ मिलिमीटरची जाड काठी या पत्र्यासाठी नाही. नायलॉन टोकाने टिपका तीक्ष्ण होतो, लाकडी टोक जास्त शांत. आवाज कमी आला म्हणून जोर वाढवणं ही इथली सगळ्यात सर्रास चूक: त्याने आवाज फारसा वाढत नाही, मनगट मात्र आखडतं आणि पत्रा तडकतो. क्रॅशवर काठी घासून निघेल असा फटका मारा. पॉलिश लावू नका, ते छिद्रांत साचतं. कोरडं कापड आणि मऊ ब्रश पुरे.

ड्रमची बाजू

सिंबल एवढे हळू झाले की साध्या हेडचा (ड्रमवरच्या पडद्याचा) स्नेअर, म्हणजे मधला कडक आवाजाचा ड्रम, त्यांना गिळून टाकतो. म्हणून मेश हेड, म्हणजे जाळीचे पडदे, सोबत लागतातच, त्यांचाही खर्च धरूनच हिशेब करा. एकपदरी मेश सगळ्यात हळू वाजतं, पण उसळी जास्त देतं. इव्हान्सच्या डीबी वन हेडसारख्या कंप दाबणारा थर असलेल्या मेशमध्ये उसळी ताब्यात राहते आणि थोडा सूरही उरतो. बेस ड्रमच्या पेडलचा धक्का मात्र जमिनीतून खालच्या मजल्यावर जातो. त्यावर कुठल्याच सिंबलचा इलाज नाही. खाली कोणी राहत असेल तर संच मागवण्याआधी पेडल आणि बेस ड्रमखाली जाड रबर आणि त्यावर प्लायवूडचा तक्ता घाला आणि खालच्या खोलीत जाऊन कोणाला तरी पेडल मारायला सांगून ऐका. धक्का तिथेही जाणवत असेल तर आधी तोच प्रश्न सोडवा, सिंबल नंतर घेता येतील.