गार्डनेरी का नोथो? पहिला किली कोणता घ्यायचा

किलीफिश, म्हंजे टाकीत पाळायचे छोटे रंगीत मासे, त्यांचे फोटो बघून वेडे झालेले लोक अधनंमधनं विचारत असतात की दादा पहिला किली कोणता घेऊ, आणि गाडी फिरून फिरून दोघांवरच येऊन थांबते, एक गार्डनेरी आणि दुसरा ग्युंथेरी, म्हंजे झांझिबारचा लाल शेपटीचा नोथो (नोथो हे नोथोब्रँकियस या गटाचं लाडकं नाव, इथे नुसतं नोथो म्हटलं की बहुतेक ग्युंथेरीच समजा). दोन्ही पाळलेत म्हणून सांगतो, दिसायला दोघं एक से एक आहेत, तेव्हा फोटोवरनं ठरवूच नका. गार्डनेरी घेतला तर तुम्ही मासा पाळता आणि नोथो घेतला तर खरं तर अंडी पाळता, मासा मधनं मधनं येऊन जातो. (आणि हो, किलीचा मारण्याशी काही संबंध नाही, डच भाषेत किल म्हंजे छोटा ओढा, त्यावरनं ते नाव आलंय.)

गार्डनेरी नायजेरिया आणि कॅमेरूनचा. जंगलातले, गवताळ भागातले छोटे ओढे, कडेची दलदल, जिथे पाणी वितभर असतं तिथे राहतो. बुलेंजर या मत्स्यशास्त्रज्ञानं १९११ साली नाव दिलं, मासा गोळा करणाऱ्या कॅप्टन गार्डनरवरनं. नर साधारण ६ सेंमीचा. अंगाचा रंग पोलादी निळा-हिरवा, त्यावर किरमिजी ठिपके आणि परांना पिवळी नाहीतर पांढरी किनार, पण हे सगळं गावागणिक बदलतं, म्हणून नावाच्या पुढे अकुरे, मिसाजे, लाफिया असं जिथनं मासा आणला त्या गावाचं नाव लावतात. हे नाव जपायचं असतं बरं का, दोन गावचे मासे एका टाकीत टाकून पिल्लं काढली तर ती ना इकडची ना तिकडची.

ग्युंथेरीची गोष्ट वेगळी, आणि मला विचाराल तर जास्त भारी. हा झांझिबार बेटावरचा, १८९३ साली फेफरनं त्याचं वर्णन केलं. तिथे पावसाळे दोन, मार्च ते मे मसिका आणि ऑक्टोबर ते डिसेंबर वुली. पावसात डबकी भरतात, मासे भराभर वाढतात, चिखलात अंडी घालतात, मग डबकं आटतं आणि आईबाप सगळे मरतात, एकही उरत नाही. उरतात ती मातीतली अंडी. आणि माती कुठली, तर आफ्रिकेतल्या नोथोंच्या बहुतेक डबक्यांत आपल्या विदर्भ-मराठवाड्यातल्या कापसाच्या काळ्या मातीच्याच जातकुळीतली, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी चिकण माती असते. त्या मातीत अंड्याची वाढ मधेच थांबते, याला डायपॉज म्हणतात, आणि अशा थांबायच्या जागा तीन आहेत. गंमत म्हंजे एकाच मादीची सगळी अंडी एकाच वेळी जागी होत नाहीत. वळवाच्या एका सरीला भुलून सगळीच फुटली आणि डबकं आठवड्यात आटलं तर वंशच बुडाला, म्हणून काही अंडी पुढच्या पावसासाठी झोपूनच राहतात. हे घरी कळतं तेव्हा डोक्याला ताप होतो, ते पुढे सांगतोच.

रंगात नोथो पुढे, यात वाद नाही. नराचं अंग निळं-हिरवं, प्रत्येक खवल्याला लाल कड आणि शेपटी अशी लाल की पाहुणे हमखास विचारतात की रंग घातलाय का. मादी मात्र अगदीच फिकी, राखाडी. गार्डनेरीची मादीसुद्धा तपकिरीच, पण तिला निदान ठिपके तरी असतात.

आता मुद्द्याचं. गार्डनेरी नीट ठेवला तर दोन वर्षं आरामात जगतो, तिसऱ्यात गेलेलेही बघितलेत. नोथो म्हंजे वर्षभराचा पाहुणा, पाच-सहा आठवड्यांत रंगात येतो आणि माझ्याकडे आठव्या-नवव्या महिन्यात पाठ वाकायला लागते. घरात लहान मूल असेल आणि ते माशाला नाव ठेवणार असेल तर गार्डनेरीच घ्या, उगाच रडारड नको.

पाण्याचं म्हणाल तर बोअरचं जड पाणी नोथोला छान मानवतं, तलावाचं मऊ पाणी गार्डनेरीला आवडतं, पण गार्डनेरी दोन्हीत जमवून घेतो. नोथोला मऊ, साचलेल्या पाण्यात व्हेलवेट नावाचा रोग पटकन होतो, अंगावर सोनेरी धूळ बसल्यासारखी दिसते आणि दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून मी नोथोच्या टाकीत १० लिटरला एक छोटा चमचा जाडं मीठ टाकतोच, गार्डनेरीला गरज पडत नाही. उन्हाळा दोघांनाही नको असतो. २२ ते २५ डिग्री बेस्ट, एप्रिल-मेमध्ये टाकी ३० च्या वर गेली की गार्डनेरी कोपऱ्यात बसून धापा टाकतो, नोथो वरवर मजेत दिसतो पण त्याचं आयुष्य भराभर संपतं.

खाण्यात फरक मोठाय. गार्डनेरी दोन दिवस नखरे करून दाणे खायला लागतो. नोथोला हलणारं काहीतरी लागतं, डॅफ्निया (पाण्यातले बारीक जीव), डासांच्या अळ्या, फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या), दाणे तोंडात घेतो आणि थुंकतो. घरच्यांना फ्रीझरमध्ये बर्फाशेजारी अळ्या चालणार नसतील तर हा विषय इथेच संपला.

अंडी काढायला गार्डनेरी सोपा. गडद हिरव्या ॲक्रिलिक लोकरीची झुपकी उकळून घ्यायची, बुचाला बांधून तरंगत सोडायची, त्यात मादी रोज थोडी थोडी अंडी चिकटवते. अंडी कडक असतात, बोटांनी सरळ वेचता येतात, पांढरी पडलेली फेकायची, बाकीची छोट्या डब्यात पाण्यात ठेवली की दोन-तीन आठवड्यांत पिल्लं. पिल्लू पहिल्या दिवसापासून ब्राइन श्रिम्पची (खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जीवांची) नुकती फुटलेली पिल्लं खातं. नर मादीला फार पिडतो, तेवढं सांभाळा, एका नराला दोन-तीन माद्या आणि लपायला भरपूर शेवाळ.

नोथोला लोकर नाही, तळाला कोकोपीटचा वाडगा लागतो, नर्सरीतलं कोकोपीट चांगलं उकळून, धुवून. दहा-बारा दिवसांनी ते काढायचं, पिळायचं, पेपरवर पसरून मळलेल्या तंबाखूइतकं ओलसर राहील असं वाळवायचं आणि पिशवीत बंद करून तीनेक महिने कपाटात. आईनं दोनदा खरंच तंबाखू समजून मला झापलंय. मग थंडसर पाणी ओतायचं आणि काही तासांत डोळ्यादेखत पिल्लं पोहायला लागतात, हे पहिल्यांदा बघाल तेव्हा सगळा खटाटोप वसूल. आता तो डोक्याचा ताप, पहिल्या पाण्यात थोडीच फुटली म्हणून कोकोपीट फेकू नका, मी पहिल्या वेळी फेकलं होतं आणि नंतर कळलं की अर्धा माल त्यातच झोपला होता. परत वाळवा, महिन्यानं परत भिजवा. लवकर भिजवलं तर उलटं होतं, पिल्लांना वर येता येत नाही, तळाशी सरपटत राहतात, ती काही जगत नाहीत.

उडी दोघंही मारतात. फिल्टरची वायर जाते तेवढ्या फटीतनं माझा अकुरे नर गेला आणि सकाळी टीव्हीच्या मागे सुकट होऊन मिळाला. जाळी नको, घट्ट काच लावा.

नोथोमध्ये काही जण फुर्झेरी मागतात, म्हातारपणावर संशोधनात वापरतात तो, मोझांबिकच्या डबक्यांत दोन आठवड्यांत वयात येणारा. वाचायला मस्त, पण पहिला मासा म्हणून नको, काही जाती तर चार-सहा महिन्यांतच आटपतात.

तेव्हा नोकरीत फिरती असेल, एकच २०-३० लिटरची टाकी असेल, रोज बघायला मासा हवा असेल तर गार्डनेरीचे एक नर दोन माद्या घ्या. दोन-तीन छोट्या टाक्या, धीर आणि तारखा लिहायची सवय असेल तर नोथो, आणि त्यातही मासे न मागवता अंडीच मागवा, पुडीतनं कुरियरनं आरामात येतात. फक्त पुडीवर जात, गाव आणि अंडी काढल्याची तारीख लिहिलेली आहे का ते आधी विचारा, तारीख नसेल तर कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका.